तारा फिरली

मांजरपाट मोजता मोजता राधेश्यामच्या हातातली लोखंडी पट्टी थांबली आणि त्याने दुकानाच्या दुसऱ्या टोकाला परकराचे कापड चाचपत बसलेल्या बाईला विचारले, "मानंला काय झालं ओ बाई?" बाईने पदर सारला. कानाच्या पाळीखालून गळ्याच्या खाचेपर्यंत फोडांची एक तांबडी रेघ उतरली होती, आणि तिच्या दोन्ही कडांना गेरूचा पुसट लेप होता. "काय न्हाई," ती म्हणाली, "तारा फिरली."

"कोन तारा?"

"किडा हाय. आमच्या घनसावंगीकडं उसात लई. लाइटीला येतो, मानंवर बसतो. झटकायला गेलं की चिरडतो अन् मंग हे असं."

"मला तर नागीण दिसून राह्यली."

"पहिलं आमीबी नागीणच म्हणायचो. तोंडाला शेपूट लागलं की माणूस जातंय म्हणून सासूनं गेरूबी लावला. दवाखान्यातली सिस्टर म्हणली, नागीण न्हाई, तारा हाय. साबणानं धुवा अन् गप बसा."

तिच्या सोबतची बाई इतका वेळ कापडाचा काठ दातात धरून धागा ओढत होती. तो सोडून ती म्हणाली, "कुण्या मास्तरानं बायकोचं नाव ठिवलंय म्हणं त्या किड्याला."

"मंग लई भाजून काढलं असंल तिनं मास्तराला!"

दोघी हसल्या. राधेश्यामही हसला, आणि हसू ओसरता ओसरता त्याने गिऱ्हाइकाकडे वळून विचारले, "सर, दोन मीटर बराबर ना?" शरदचंद्र म्हणाले, "बरोबर." आपण त्याचा उच्चार नकळत दुरुस्त केला, हे त्यांच्या पायऱ्या उतरताना लक्षात आले.

जुन्या जालन्यातल्या त्या गल्लीत रिक्षा आणि धान्याची पोती यांच्यामधून अंग चोरून चालताना त्यांना प्रथम जे जाणवले ते दुःख नव्हते, आणि याची लाज त्यांना पुढे दुःखापेक्षा अधिक पुरली. प्रथम त्यांना आनंद झाला. आपण घडवलेला शब्द एका अनोळखी बाईच्या तोंडून, कोणत्याही अवतरणचिन्हाशिवाय, स्वतःच्या क्रियापदासह ऐकायला मिळावा, हे भाग्य गद्य लिहिणाऱ्या किती जणांच्या वाट्याला येते? तीस वर्षे महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवताना आणि त्याच्या बाजूने मराठीत शास्त्रीय निबंध लिहिताना त्यांनी शेकडो संज्ञा घडवल्या होत्या. त्या सगळ्या छापल्या त्या जागी निपचित पडून होत्या. ही एकच उठून चालू लागली होती. 'फिरली' हे क्रियापद कोणी शोधले असेल, याचा विचार करीत ते रिक्षाथांब्यापर्यंत पोहोचले, आणि तिथे एका रिक्षावाल्याने "बसा सर" म्हणून सीट झटकली तेव्हा त्या आनंदाच्या तळातून दुसरी गोष्ट वर आली. घनसावंगी हे त्यांच्या बायकोचे, ताराचे, माहेर. दिवाळीनंतर आठ दिवस माहेरी राहून येण्याचा लग्नापासूनचा शिरस्ता तिने सलग दोन वर्षे मोडला होता. गुडघे दुखतात, बसची पायरी उंच असते, असे ती म्हणाली होती. शरदचंद्रांनी ते विधान तपासले नव्हते. विधाने तपासण्यावर ज्याने आयुष्य काढले, त्याने हे एक विधान तपासले नव्हते. आणि याच दोन वर्षांत ती जिना दिवसातून चार वेळा चढत-उतरत होती.

तो किडा तसा फार सुंदर होता. रांगत्या भुंगेऱ्यांच्या मोठ्या कुळातला, मुंगीहून किंचित लांब. पंखांची निळी झाकणे इतकी आखूड की पोटाचा नारिंगी भाग उघडाच राहावा. ताराचा भाऊ तातेराव याच्या उसाच्या कडेला शरदचंद्रांनी आणि त्यांचा जुना विद्यार्थी राजानंद याने दिव्याचा सापळा लावला होता: वर दिवा, खाली नरसाळे, नरसाळ्याखाली अल्कोहोलची बाटली. सकाळी बाटलीत जे सापडले ते सगळे याच प्रजातीतल्या एका जुन्या, सर्वत्र आढळणाऱ्या जातीसारखे दिसत होते. वेगळेपण फक्त नराच्या जननेंद्रियाच्या टोकाशी होते. तिथे एक बारीक आकडा होता, आणि तो जुन्या जातीत कोणालाही आढळलेला नव्हता. राजानंद आता स्वतः प्राध्यापक झाला होता, पण सूक्ष्मदर्शकावरून मान वर काढून तो विद्यार्थ्यासारखाच ओरडला होता, "सर, नवीन हे! बिलकुल नवीन!" नाव देण्याचा मान त्याने आपल्या गुरूला दिला. शरदचंद्रांनी क्षणभरही विचार केला नाही. स्त्रीच्या नावावरून जातीचे नाव करायचे तर लॅटिनात षष्ठीचा प्रत्यय लागतो. तारा या नावाला तो लावला की रोमन अक्षरांत शेवटी ए-ई येते आणि उच्चार होतो 'तारे'. राजानंदला हसू आवरले नाही. "सर, स्टाफरूममध्ये म्हणतील, सरांनी तारे तोडले." मग हसू थांबवून तो म्हणाला, "काकूंना विचारलं का पण?" शरदचंद्रांनी त्याला समजावून सांगितले की प्राणिनामांच्या आंतरराष्ट्रीय संहितेत ज्याच्या नावावरून नाव द्यायचे त्याची संमती घेण्याचा नियम नाही. हे खरे होते. कोणाला लागेल असे नाव जाणूनबुजून देऊ नये, अशी सूचना त्याच संहितेच्या परिशिष्टात आहे, हेही खरे होते; ते त्यांनी वाचलेले होते, आणि ते भांडखोर, द्वेषी लोकांसाठी लिहिलेले आहे असे समजून पान उलटले होते.

लेख छापून आला त्या दिवशी ते तो घेऊन थेट स्वयंपाकघरात गेले होते. हे दृश्य आता रिक्षात त्यांना एखाद्या दुसऱ्याच माणसाचे असावे तसे दिसू लागले. ताराने पदराला हात पुसले, छायाचित्र डोळ्यांपासून लांब धरले. "हा किडा?" "ही जात. तुझ्या नावाची. जगात जोवर प्राणिशास्त्र आहे तोवर हे नाव पुसता येणार नाही, मलासुद्धा नाही." "करतो काय हा?" आणि त्यांनी, जे कोणी न विचारता सांगू नये ते, विचारले म्हणून सविस्तर सांगितले: हा चावत नाही, डंख मारत नाही, लोकांचा तसा गैरसमज आहे. चिरडला गेला तरच त्याच्या अंगातला द्रव कातडीला लागतो आणि दुसऱ्या दिवशी फोड येतात. ताराने थोडा वेळ चित्राकडे आणि थोडा वेळ त्यांच्याकडे पाहिले. "चांगलंय," ती म्हणाली आणि दूध वर येत होते म्हणून वळली. तो 'चांगलंय' त्यांनी आनंद म्हणून जमा करून घेतला होता. इतक्या वर्षांत तिच्या शब्दांचा अर्थ त्यांनी नेहमी कोशातून काढला होता. आवाजातून काढायचा असतो हे त्यांना माहीत नव्हते असे नाही. ते त्यांना शास्त्रशुद्ध वाटत नव्हते.

आणि पत्रक तर त्यांनी स्वतःच लिहिले होते. उसाच्या पट्ट्यात नागीण समजून गेरू लावणारे, मंत्र घालून घेणारे रोगी वाढले, तेव्हा गावोगावच्या दवाखान्यांत वाटण्यासाठी मजकूर हवा होता. कोणीतरी इंग्रजीवरून 'अ‍ॅसिड माशी' असा शब्द सुचवला. शरदचंद्रांनी त्यावर अर्धा तास वाद घातला: हे आम्ल नव्हे आणि ही माशीही नव्हे, दोन शब्दांत दोन चुका करणारी संज्ञा आपण लोकांच्या हाती देणार का? लोकांना लहान, उच्चारायला सोपे, मराठी नाव द्या. राजानंद म्हणाला, "सर, नुसतं किडा लिहू ना." तो वादात हरला. पत्रकाच्या पहिल्या ओळीत ठळक अक्षरांत छापले गेले, 'ही नागीण नाही, तारा आहे.' वाक्य निर्दोष होते. उद्देश्य, विधेय, स्वल्पविराम, सगळे जागच्या जागी होते. ते वाक्य घेऊन परिचारिका घनसावंगीच्या वस्त्यांवर फिरल्या. तातेरावाच्या दारात, भावजय चांगुणाबाईंच्या ओट्यावर, जिथे तारा लहानाची मोठी झाली त्या गल्लीत.

ते घरी आले. तारा तूर निवडत बसली होती. तिने विचारले, "मिळालं का कापड?" आणि ते "मिळाले" म्हणून आपल्या खोलीत गेले. तिला विचारायला हवे होते. विचारण्यासाठी वाक्य हवे होते, आणि जे वाक्य सुचे ते एकतर कबुलीजबाबासारखे होई किंवा उलटतपासणीसारखे. त्यापेक्षा कृती बरी असे त्यांनी ठरवले. संहितेप्रमाणे नाव मागे घेता येत नाही. पण नाव बुडवता येते. ती जात मुळात वेगळी नव्हतीच, जुन्या जातीचेच ते एक रूप होते, असे कोणी सिद्ध केले की नवे नाव जुन्या नावाच्या पोटात जाते आणि वापरातून उठते. हे सिद्ध करायला त्यांच्याइतका अधिकारी माणूस दुसरा नव्हता, कारण ती वेगळी आहे हे त्यांनीच सिद्ध केले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी खंडन लिहायला घेतले. तो आकडा, त्यांनी लिहिले, अल्कोहोलात दीर्घकाळ राहिल्यामुळे आलेली विकृती असावी. हे खोटे होते. ताज्या नमुन्यांतही तो आकडा तसाच होता. त्यांनी तो स्वतः सुईच्या टोकाने उलगडून पाहिला होता. पण लिहिताना त्यांना एक गोष्ट छळू लागली: ही वाक्ये फार चांगली होत होती. मूळ लेखात कधी साधला नव्हता असा तोल, अशी गती त्यांना येत होती. खरे लिहिताना पुरावा आपोआप उभा राहतो, भाषेला फारसे काम उरत नाही; इथे सगळा भार भाषेवर होता आणि ती तो आनंदाने वाहत होती. आयुष्यभर ज्या गद्याची उपासना केली ते इतक्या सहज खोट्याच्या कामी येते, हे कळल्यावरही त्यांचा हात थांबला नाही. हे ताराकरिता चालले आहे, असे ते प्रत्येक परिच्छेदाच्या शेवटी स्वतःला सांगत.

राजानंदला सांगणे भाग होते. मूळ लेखावर त्याचेही नाव होते. फोनवर त्यांनी त्याला खंडनाचा मुद्दा सांगितला. मागे वर्गाचा गलका ऐकू येत होता.

"सर, अल्कोहोलात आकडा वाकत न्हाई. तुम्हीच शिकवलं."

"शक्यता नाकारता येत नाही."

"ज्याच्याकडं पुरावा नसतो तो असं बोलतो, हेबी तुम्हीच शिकवलं. माझी पहिली जात हे ती. माझी आई अजून गल्लीत सांगत फिरते, पोरानं नवीन किडा काढला म्हणून. काय बोलू मी तिला, की न्हाई आई, न्हवताच तो?"

"राजानंद, कारण वैयक्तिक आहे."

"माहीत हे मला. घनसावंगीला मीबी जातो सर, कानावर येतं. पण काकूंना विचारलं का?"

पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा त्याच आदबीने. यावेळी संहितेचा आधार त्यांनी घेतला नाही. "वाचून दाखवणार आहे" एवढेच म्हणाले, आणि ते खरे करणे त्यांना भाग पडले.

वाचून दाखवणे या घरात नवे नव्हते. लग्नाच्या पहिल्या वर्षापासून त्यांचा प्रत्येक मराठी निबंध ताराने ऐकला होता. नोकरीच्या दिवसांत कचेरीतून थकून आलेली असली तरी ती ऐके; मधूनच म्हणे, "हे लांबलं", किंवा "हा शब्द कानाला टोचतो", आणि पहिल्यांदा वाद घालून, दुसऱ्या दिवशी न सांगता, ते तो शब्द बदलत. मूळ लेख तेवढा त्यांनी वाचून दाखवला नव्हता, तो इंग्रजीत होता म्हणून. खंडनाचा मसुदा त्यांनी मराठीत आणला. दुपारचे ऊन गॅलरीतून खोलीत येत होते, तारा भिंतीला टेकून पाय लांब करून बसली होती, आणि ते वाचत होते. पहिल्याच पानावर ती म्हणाली, "थांबा. ती ओळखायची कशावरून म्हणालात?"

"नराच्या... त्या आकड्यावरून."

"म्हणजे नाव बाईचं, अन् ओळख नराची." ती हसली. बऱ्याच दिवसांनी ती अशी हसत होती. शरदचंद्रांना वाटले, मार्ग बरोबर आहे. ते पुढे वाचत गेले. शेवटचा परिच्छेद त्यांनी विशेष सावकाश वाचला, कारण त्यातले शेवटचे वाक्य त्यांना फार सिद्ध झाल्यासारखे वाटत होते: 'सबब प्रस्तुत लेखकाच्या मते तारा ही स्वतंत्र जात कधीच अस्तित्वात नव्हती.' कागद खाली ठेवून त्यांनी वर पाहिले. तारा हसत नव्हती.

"कशासाठी केलं हे?"

"लोक हसतात म्हणून. घनसावंगीला. मी ऐकले. मला सांगितले नाहीस तू."

"तुम्ही विचारलं न्हाई." ती पाय जवळ घेत म्हणाली. "लोक हसले ते मी ऐकून घेतलं. शेवटची गेले त्या दिवाळीला चांगुणावहिनी म्हणाल्या, वन्सं, दाजींना काय एवढं भाजलं ओ तुम्ही? मी म्हणाले, अजून कुठं भाजलं. त्याचं काय वाटलं न्हाई मला. माहेरची माणसं, हसणारच. मला वाटलं ते वेगळंच. मी म्हणाले, ह्यांना माझं नाव ठेवायला हजार गोष्टी होत्या, त्यांनी धरला तो चिरडल्यावर भाजणारा. का बरं? रात्र रात्र तेच घोळून राह्यलं होतं मनात. म्हणून जाणं सोडलं. तिथं गेलं की तेच आठवायचं."

"तसा हेतू..."

"हेतू न्हवता, माहीत हे मला. तुमचा कधीच नसतो." तिने कागदाकडे बोट केले. "पण हे काय? पहिल्यांदा मला विषारी म्हणालात. आता म्हणता, न्हवतीच. कधीच न्हवती. असं लिहिलंत ना? वाचा परत."

त्यांनी परत वाचले नाही. समर्थन जिभेवर तयार होते: नाव आणि नावाची व्यक्ती या दोन गोष्टी आहेत, बुडते ते नाव. तर्क अभेद्य होता. त्यांनी तो गिळला, आणि गिळताना घशाला जाणवेल इतका तो टोकदार होता.

"फाडू का?" त्यांनी विचारले.

"तुमचं तुम्ही बघा. त्या राजानंदचं काय चुकलं, त्याचाबी विचार करा." मग आवाज बदलून ती म्हणाली, "ते पहिलं वाचा की. ज्यात मी हे. ते ऐकवलंच न्हाई तुम्ही."

त्यांनी छापील लेख काढला आणि जागेवर मराठी करत वाचू लागले. "डोके काळे, चकचकीत. डोळे ठळक. मान अरुंद. पंखांची झाकणे निळी, खोलगट ठिपक्यांनी युक्त. पोट नारिंगी, टोकाशी काळे." त्यांना स्वतःलाच ते ऐकवेना. तिने मध्येच अडवले.

"हे असं तुटक तुटक का? तुम्ही तर मला चिठ्ठीतसुद्धा पूर्ण वाक्य लिहायला लावता. ह्यात एकबी क्रियापद न्हाई."

"वर्णनात क्रियापद घालत नाहीत. तशी पद्धत आहे."

"मंग ती करते काय, कशी राहते, ते कुठं लिहिलं?"

लेखाच्या शेवटी त्यासाठी एक मथळा होता. त्याखाली एकच शब्द होता आणि शरदचंद्रांनी तो लगेच वाचला नाही. सगळे नमुने बाटलीतच हाती आले होते, सकाळी, मेलेले. एकाही सकाळी ते उसाच्या बांधावर बसून राहिले नव्हते. बसण्याची गरजही कधी वाटली नव्हती, मोजायचे ते सगळे मेल्यावरच नीट मोजता येई. "जीवनक्रम," ते अखेर म्हणाले, "अज्ञात." तिने तुरीचे सूप पुढे ओढले, पण निवडायला सुरुवात केली नाही.

मसुदा त्यांनी त्याच संध्याकाळी फाडला, आणि राजानंदला तसे कळवले. तो "बरं सर" म्हणाला. त्यात सुटका होती, पण जुना लोभ होता की नाही, हे त्यांना आवाजावरून ओळखता येईना. आठवड्याने चांगुणाबाईंचा फोन आला, हरभऱ्याचे वाटे घ्यायला या म्हणून, आणि तारा म्हणाली की ती जाऊन येते. गुडघ्यांचा विषय निघाला नाही. शरदचंद्र म्हणाले, "मीही येतो."

"तुम्ही नका येऊ."

"लोक बोलले तर..."

"बोलू द्या. मी बोलेन त्यांच्यासंग. तुम्ही आलात तर समजावून सांगत बसाल सगळ्यांना."

बसस्थानकावर घनसावंगीची गाडी लागलेली होती. त्यांनी पिशवी वर चढवून दिली. तारा खिडकीशी बसली, शेजारच्या बाईला सरकून जागा करून दिली, आणि त्या दोघींचे काही बोलणेही सुरू झाले. खिडकीखाली उभे राहून शरदचंद्र एक वाक्य जुळवत होते. 'माझी चूक झाली', हे प्रथम सुचले, आणि त्यांनी ते टाकून दिले. त्यात कर्ता चूक होती, जणू ती आपली आपण होऊन गेली आणि ते स्वतः फक्त तिचे मालक. 'माझे चुकले' त्याहून पळपुटे. त्यात काय चुकले याचाच पत्ता नव्हता. 'मी चुकलो'. यात सगळे होते, आणि ते इतके लहान होते की त्याच्या आधी काहीतरी हवे, निदान एक संबोधन, असे त्यांना वाटले. इतक्या वर्षांत तिला हाक मारायला नावाशिवाय दुसरा शब्द त्यांनी कधी घडवला नव्हता, आणि ते नाव आता उच्चारावे की नाही याचा निर्णय होईना. कंडक्टरने दोनदा घंटी ओढली. ताराने खिडकीतून खाली पाहिले, त्यांचे ओठ हलताहेत असे तिला वाटले असावे, कारण तिने कानाशी हात नेऊन "काय?" असे विचारले. गाडीच्या आवाजात त्यांना तो शब्द ऐकू आला नाही, फक्त दिसला. त्यांनी हात हलवून 'काही नाही' अशी खूण केली, आणि गाडी फलाटावरून मागे सरून, वळून, रस्त्याला लागली.